विळा, हातोडा आणि एक शेर : चित्रपट दिग्दर्शक मेहबूब खान

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी वयाची साठी ओलांडली आहे त्यांना एक अनुभव निश्चित आठवत असेल. जत्रेत किंवा बाजाराच्या गावी सिनेमाचा तंबू लागलेला आहे. पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसल्या आहेत. मुलांचा गलका चालू आहे, कोणी शेंगा सोलत आहे. एवढ्यात दिवे मालवतात आणि यंत्राची घरघर सुरू होते. पडद्यावर विळा आणि हातोडा यांचे चिन्ह उमटते. पाठोपाठ वाद्यांच्या घोषात एक भारदस्त आवाज उर्दू शेर म्हणतो. वैऱ्याने लाख वाईट चिंतिले तरी अखेरीस घडते ते ईश्वराच्या मर्जीनेच, असा त्या शेराचा आशय. ज्याला उर्दूचा गंधही नाही असा अहिराणी बोलणारा शेतकरीदेखील तेवढ्यापुरता गप्प होतो. मेहबूबचा सिनेमा सुरू झाला, हे साऱ्या तंबूला कळून चुकते.

माझ्या पिढीने हा तंबू पाहिला नाही. मेहबूब खानांचे चित्रपट आम्ही दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले, आणि आजचे विद्यार्थी ते मोबाईलवर पाहतात. मोबाईलवर सुरुवातीचे ते अर्धे मिनिट बोटाने पुढे ढकलण्याची सोय आहे. पुष्कळ जण तसेच करतात. मीही करीत असे. परंतु ते अर्धे मिनिट ज्या माणसाने आपल्या चित्रपटांच्या कपाळावर लिहिले त्याचा जीवनवृत्तान्त वाचला, तेव्हा पुढे ढकलण्यासारखे त्यात काही नाही असे मला वाटू लागले. तोच वृत्तान्त या अंकाच्या निमित्ताने आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम या सुरुवातीच्या घोषाविषयी थोडे सांगितले पाहिजे. चित्रपट काढणारी प्रत्येक मोठी संस्था आरंभी आपले बोधचिन्ह दाखवते आणि त्याला जोडून काही ठरावीक सूर वाजवते. दुकानाला पाटी असते तशीच ही पाटी, पण कानांनी वाचायची. अमेरिकेतील फॉक्स कंपनीचा नगारे-तुताऱ्यांचा घोष आल्फ्रेड न्यूमन या संगीतकाराने १९३३ साली रचला. पुढे रुंद पडद्याचे चित्रपट आले तेव्हा तो लांबवण्यात आला. मद्रासच्या जेमिनी कंपनीची बिगुल वाजवणारी दोन मुले प्रसिद्ध होती. आपल्या महाराष्ट्रात १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यास गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी वाजवणारी स्त्री मराठी माणूस अजून विसरलेला नाही. राज कपूर यांच्या आर. के. संस्थेने १९४९ च्या 'बरसात' पासून एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर प्रेयसी असे चिन्ह घेतले.

या साऱ्या पाट्यांवर वाद्ये बोलतात. मेहबूब खानांच्या पाटीवर वाद्यांबरोबर माणूस बोलतो, आणि ईश्वराचे नाव घेऊन बोलतो. शिवाय त्याच्या डोक्यावर चिन्ह आहे ते कामगार आणि शेतकरी यांच्या अवजारांचे. एकीकडे देवाची मर्जी आणि दुसरीकडे हाताचे कष्ट. ही जोडी अनेकांना विजोड वाटली आणि आजही वाटते. ती मेहबूब खानांना विजोड का वाटली नसावी, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलो की धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्टेशने मागे टाकीत आपण सुरतेस पोहोचतो. तेथून मुंबईच्या वाटेवर थोड्याच अंतरावर बिलिमोरा लागते. तेव्हाच्या बडोदे संस्थानातील या बिलिमोऱ्याच्या परिसरात १९०७ साली मेहबूब खान यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती आणि शाळेचे शिक्षण जवळजवळ झालेच नाही. विद्यार्थी मित्रांनो, हे वाक्य वाचून आनंदून जाऊ नका. त्याविषयी मला पुढे बोलायचे आहे.

मुलाला नटव्हायचे वेड लागले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो घरातून पळून मुंबईस गेला. वडिलांनी शोधून परत आणले. काही काळाने तो पुन्हा मुंबईस आला तो घोड्यांच्या तबेल्यात काम करण्यासाठी. घोड्यांना नाल ठोकणे हे त्याचे काम होते. ज्या हाताने पुढे शेकडो माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे केले, त्या हातात पहिल्यांदा हातोडा आला तो असा. बोधचिन्हातला हातोडा त्यांनी या आठवणीने घेतला असे कोठे नमूद असल्याचे मी म्हणत नाही. परंतु ज्याने स्वतः नाल ठोकले त्याला हातोडा हे केवळ एखाद्या पक्षाचे निशाण वाटले नसेल, असे मला वाटते.

तबेल्यातून तो अर्देशीर इराणी यांच्या इंपिरियल फिल्म कंपनीत शिरला. काम गर्दीतल्या माणसाचे. १९२७ सालच्या 'अलिबाबा आणि चाळीस चोर' या मूकपटात तो चाळीस चोरांपैकी एक होता. मूकपटाचा जमाना, त्यात चाळिसांतला एक! त्याला ना आवाज होता ना चेहरा. १९३१ साली इंपिरियलनेच 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट काढला. त्यातील नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूबच्या नावाचाही विचार झाला होता असे सांगतात. भूमिका मिळाली ती मास्टर विठ्ठल यांना. ज्या दिवशी पडदा बोलू लागला त्या दिवशी बोलण्याची संधी अशी हुकली.

दुसरा एखादा असता तर नशिबाला बोल लावून गावी परतला असता. मेहबूब खान सागर मूव्हिटोनमध्ये लहानसहान भूमिका करीत राहिले आणि त्या करता करता कॅमेऱ्यामागे काय चालते ते डोळसपणे पाहत राहिले. तीच त्यांची शाळा. १९३५ साली त्यांना दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली. त्या चित्रपटाचे नाव 'अल हिलाल', आणि त्याचे इंग्रजी नाव 'जजमेंट ऑफ अल्ला', म्हणजे अल्लाचा न्याय. पुढे त्यांच्या संस्थेच्या बोधचिन्हावर जो शेर आला त्याचा अर्थ आणि या पहिल्या चित्रपटाचे नाव ताडून पाहा. आरंभापासून हा माणूस एकच गोष्ट मनात घोकत होता असे दिसेल.

त्यानंतर 'मनमोहन', 'जागीरदार', 'एक ही रास्ता' असे चित्रपट आले. १९४० साली त्यांनी 'अलिबाबा' दिग्दर्शित केला. तेरा वर्षांपूर्वी जो चाळीस चोरांत एक होता तोच आता साऱ्या चोरांना हुकूम सोडत होता. त्याच वर्षी नॅशनल स्टुडिओसाठी त्यांनी 'औरत' काढला. कर्जात बुडालेली एक शेतकरी स्त्री, तिची मुले आणि गावचा सावकार यांची ती कथा. नायिका सरदार अख्तर यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या 'रोटी' मध्ये त्यांनी पैशाच्या लोभावर कोरडे ओढले. त्यात अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजे आपल्या बेगम अख्तर, यांनीही काम केले होते.

येथवर ते दुसऱ्याच्या संस्थेत दुसऱ्याच्या पाटीखाली काम करीत होते. १९४३ च्या सुमारास त्यांनी मेहबूब प्रॉडक्शन्स ही स्वतःची संस्था काढली. पाटी आता त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यावर काय असावे हे ठरवणारेही तेच होते. त्यांनी चिन्ह घेतले विळा-हातोड्याचे. पक्षाचे कार्यकर्ते म्हणून त्यांची कधी ओळख नव्हती. आणि त्या चिन्हाखाली त्यांनी वाजवला तो ईश्वराच्या मर्जीचा शेर! साम्यवाद्याला शेर खटकावा आणि धर्मभीरूला विळा-हातोडा खटकावा, अशी ही पाटी. दोघांचीही भीड न बाळगता ती त्यांनी लावली.

मग त्या पाटीखालून किती निरनिराळे चित्रपट गेले पाहा. १९४३ च्या 'नजमा' मध्ये मुसलमान घराण्यांची कथा होती. त्याच वर्षीच्या 'तकदीर' मधून नर्गिस नायिका म्हणून पुढे आली. १९४५ चा 'हुमायूं' मोगल इतिहासावर, तर १९४६ चा 'अनमोल घडी' नूरजहां, सुरैया आणि सुरेंद्र यांच्या गाण्यांनी गाजलेला. १९४९ च्या 'अंदाज' मध्ये दिलीपकुमार, राज कपूर आणि नर्गिस एकत्र आले. १९५२ चा 'आन' रंगीत होता. सोळा मिलिमीटरच्या लहान फिल्मवर चित्रीकरण करून मग टेक्निकलरमध्ये मोठ्या प्रती काढण्याचे धाडस त्यात केले होते, आणि तो लंडनमध्येही प्रदर्शित झाला.

संगीतकारही बदलले. 'तकदीर' ला रफीक गझनवी, 'हुमायूं' ला गुलाम हैदर आणि 'अनमोल घडी' पासून नौशाद. लखनौच्या नौशादांनी 'आन' साठी शंभर वादकांचा ताफा बसवला असे सांगतात. ज्यांना गाण्याचा कान आहे त्यांनी हे चित्रपट ओळीने लावून केवळ आरंभ ऐकावा. त्या शेरानंतर कोठे दरबारी थाटाचे सूर येतात, कोठे विलायती पद्धतीचा वाद्यवृंद, तर कोठे शेतावरच्या कामाची लय. कथेप्रमाणे आणि संगीतकाराप्रमाणे पुढचे सूर पालटले, पण माथ्यावरचा शेर हलला नाही. एकाच आलापातून गवयाने निरनिराळे राग उभे करावे तसा हा प्रकार आहे.

आता सर्वांत मोठ्या चित्रपटाकडे वळू. १९५४ साली वांद्रे येथे मेहबूब स्टुडिओ उभा राहिला. पण मनात 'औरत' ची कथा राहून गेली होती. ती पुन्हा, रंगांत आणि मोठ्या प्रमाणावर सांगायची असे त्यांनी ठरवले. नाव ठेवले 'मदर इंडिया'. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईने १९२७ साली याच नावाचे पुस्तक लिहून भारतीयांची निंदा केली होती. तेच नाव घेऊन त्यांनी जगाला वेगळी भारतमाता दाखवली. छायाचित्रकार 'औरत' चेच फरेदून इराणी, आणि सावकार सुखीलालाच्या भूमिकेतही तेच कन्हैयालाल! सतरा वर्षांनंतर तोच नट, तीच वही, तेच व्याज.

खानदेशच्या कापूस पिकवणाऱ्या वाचकाला ही कथा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. लग्नासाठी पाचशे रुपयांचे कर्ज काढले जाते. अटींविषयी तंटा होतो आणि पंच सावकाराच्या बाजूने निकाल देतात. तीन चतुर्थांश पीक व्याजात जाऊ लागते. सारे गाव राबते, पण लालाची वही काय म्हणते ते राबणाऱ्याला वाचता येत नाही. पालक बंधू-भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. ज्या दिग्दर्शकाचे स्वतःचे शिक्षण जवळजवळ झाले नव्हते, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या चित्रपटात शेतकऱ्याच्या उरावर बसवली ती न वाचता येणारी वही. शाळा नसली तरी माणूस मोठा होतो, हा धडा मेहबूब खानांच्या आयुष्यातून काढणाऱ्यांनी त्यांचा हा चित्रपट पुन्हा पाहावा. शिक्षण नसल्याची किंमत त्यांना ठाऊक होती. तबेल्यातून वांद्र्याच्या स्टुडिओपर्यंत पोहोचलेला एक मेहबूब आपल्याला दिसतो, पण त्या मूकपटातले बाकीचे एकोणचाळीस चोर आज कोणाला ठाऊक आहेत?

'मदर इंडिया' २५ ऑक्टोबर १९५७ रोजी प्रदर्शित झाला आणि देशभर अफाट चालला. फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री, छायालेखन आणि ध्वनिलेखन असे पाच पुरस्कार त्याने घेतले. ऑस्करच्या परदेशी भाषेतील चित्रपटांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले, आणि हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला. १९५८ साली निकाल लागला तेव्हा पुरस्कार गेला इटलीच्या फेलिनी यांच्या 'नाइट्स ऑफ कबिरिया' या चित्रपटाला.

मात्र या यशाच्या कथेत एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला. जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट परदेशी परीक्षकांसाठी कापून सुमारे दोन तासांचा करण्यात आला, आणि त्या प्रतीतून विळा-हातोड्याचे बोधचिन्ह काढून टाकण्यात आले. तेव्हा अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होते. अमेरिकन पंचांना ते चिन्ह रुचणार नाही, असा हिशेब त्यामागे होता. जो माणूस चौदा वर्षे आपली पाटी लावल्याशिवाय चित्रपट दाखवत नव्हता, त्याचा सर्वांत मोठा चित्रपट जगातील सर्वांत मोठ्या परीक्षेला बसला तो पाटी उतरवून.

यासाठी मी त्यांना दोष देत नाही. व्यवहार कोणाला सुटला आहे? परंतु पाटी उतरवूनही पुरस्कार मिळाला नाही, आणि भारतात ज्यांनी तो चित्रपट वर्षानुवर्षे पाहिला त्यांनी तो पाटीसकट पाहिला, हेही खरे. गावोगावच्या तंबूंत शेर घुमतच राहिला. खानदेशातल्या हिंदू शेतकऱ्याने तो ऐकला, आणि पुढे राधाचे दुःख पाहून डोळे पुसले. शेर आपल्या धर्माचा की परक्या, असे त्याने विचारल्याचे मी तरी जुन्या लोकांकडून ऐकलेले नाही.

ही गोष्ट वाचताना मला माझा एक विद्यार्थी आठवला. त्याचे नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही त्याला वक्तृत्व स्पर्धेसाठी धुळ्यास नेले होते. मुलगा हुशार, मराठी अस्खलित, आवाज खणखणीत. परीक्षकांनी आरंभी सहज विचारले, वडील काय करतात? वडील पिंजारी. गावोगाव फिरून गाद्या-रजया भरून देतात. मुलगा थोडा घुटमळला आणि कापसाचा व्यापार करतात असे बोलून गेला. त्याचे भाषण चांगले झाले, बक्षीसही मिळाले. परतीच्या बसमध्ये तो ते बक्षीस मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत होता. मी त्याला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होते, असे मला आज वाटते. त्यानेही आपली पाटी काढून प्रत पुढे धाडली होती, आणि मी शिक्षक असून ती उचलून त्याच्या हाती परत दिली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्याला असा एक आरंभ असतो. बापाचा धंदा, आईची भाषा, मोहल्ल्याचे नाव, घरात सकाळी कानावर पडणारी प्रार्थना. पुढे तुम्ही कोणी अभियंता व्हाल, कोणी परिचारिका, कोणी तहसीलदार. प्रत्येकाची कथा वेगळी आणि संगीत वेगळे असेल. पण आरंभाचे ते अर्धे मिनिट दुसऱ्याला आवडणार नाही म्हणून कापून टाकू नका. ज्याला कथा ऐकायची आहे तो ते अर्धे मिनिट थांबतो.

शेराचा अर्थही नीट समजून घ्या. घडते ते ईश्वराच्या मर्जीने, म्हणून हातावर हात ठेवून बसावे, असा अर्थ मेहबूब खानांनी केव्हाच घेतला नाही. तसा घेतला असता तर ते तबेल्यातच राहिले असते. 'आलम आरा' ची भूमिका हुकल्यावर चार वर्षांत दिग्दर्शक होणारा, आणि एकदा सांगितलेली कथा सतरा वर्षांनी अधिक चांगली सांगणारा माणूस नशिबावर विसंबणारा नव्हता. वैऱ्याच्या वाईट चिंतण्याला भिऊ नये एवढेच तो शेर सांगतो. बाकीचे काम विळ्याने आणि हातोड्याने करायचे असते.

१९६२ साली 'सन ऑफ इंडिया' हा त्यांचा शेवटचा चित्रपट आला. तो चालला नाही. १९६३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, मुंबईत मेहबूब खान यांनी देह ठेवला. देश एका शोकात बुडालेला असताना हा दुसरा शोक बऱ्याच जणांच्या ध्यानातही आला नसेल. २००७ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

वाचकहो, आज रात्री घरी मोबाईलवर किंवा दूरदर्शन संचावर 'मदर इंडिया' लावा. आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवा. आरंभ पुढे ढकलू नका. शेर ऐका, त्याचा अर्थ मुलांना सांगा, आणि मग मुलांना विचारा, आपल्या घराच्या पाटीवर काय असावे? माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे बसमध्ये विचारायला हवे होते. तो आता मोठा झाला आहे. हा अंक त्याच्या हाती पडला, तर माझा प्रश्न त्याला पोहोचेल.